आयसीयूतल्या पेशंटवर ‘अभ्यास’: तुम्ही सही कराल का?

निशिगंधा | मंगळवार, १०:४०

मंडळी, एक विचारायचंय. मध्यंतरी माझ्या चुलत सासऱ्यांना सेप्सिस झाला. लघवीचा संसर्ग रक्तात गेला, बीपी कोसळलं, थेट आयसीयू. दाखल करून तासभर झाला नसेल, तेवढ्यात एक तरुण डॉक्टर फाईल घेऊन बाहेर आले. म्हणाले, आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. बीपी वर आणायला सलाईन भरपूर द्यायचं, की सलाईन आवरतं घेऊन बीपी वाढवणारं औषध लवकर सुरू करायचं, हे बघायचंय. कुणाच्या वाट्याला काय येणार ते कॉम्प्युटर ठरवणार. सही करता का?

दीर भडकलेच. "माझ्या बापावर चिठ्ठ्या टाकून उपचार करणार?" जाऊबाई फार्मसी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, दोन्ही पद्धती रोज वापरतातच, मग बिघडलं कुठे? शेवटी सही झाली नाही. काका आता घरी आहेत, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरण्याइतके ठणठणीत. वाद मात्र मिटलेला नाही. गणपतीत सगळे जमले तर मोदकांबरोबर परत तोच विषय, आणि दोन तट.

तर सांगा, त्या बाकड्यावर तुम्ही असतात तर सही केली असतीत का?

खवचट_काका | मंगळवार, १०:५२

आमच्या घरी सगळ्या सह्या बायकोच करते. पुढचा प्रश्न?

सजग_नागरिक | मंगळवार, ११:१५

नाही. अजिबात नाही. तुमच्या दिरांचं बरोबर होतं.

आपल्या देशात ‘अभ्यास’ या नावाखाली काय काय झालंय ते विसरू नका. आंध्रातलं खम्मम आणि गुजरातेतलं वडोदरा इथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. कित्येक संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डन आणि हेडमास्तरांच्या सह्या निघाल्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर सणसणीत अहवाल दिला. इंदूरचं औषध-चाचण्यांचं प्रकरणही आठवा. स्वास्थ्य अधिकार मंच सुप्रीम कोर्टात गेला म्हणून नियम कडक झाले, आपणहून कुणी केले नाहीत.

आणि हे शाळेतल्या मुलींचं झालं. आयसीयूतला माणूस तर बेशुद्ध. बाहेरचा नातेवाईक रडवेला, रात्रभर जागा, डॉक्टर नाराज झाला तर काय या भीतीत. याला संमती म्हणायचं?

प्राजक्ता_द | मंगळवार, ११:२०

शेवटच्या परिच्छेदाला +१००

भूल_द्यावी_घ्यावी | मंगळवार, २:०५

नावावरून कळलं असेलच, मी भूलतज्ज्ञ, आणि बरीच वर्षं आयसीयूच पाहतो. सजग, संमतीचा मुद्दा मान्य, त्यावर मागाहून येतो. आधी दिरांच्या त्या वाक्याबद्दल. त्यात एक गृहीत धरलंय: चिठ्ठी टाकली नाही तर डॉक्टरला बरोबर उत्तर माहीत असतं. नसतं हो. आमच्या शाखेचा इतिहास म्हणजे बुद्धीला पटलेल्या गोष्टी तोंडावर आपटल्याचा इतिहास आहे.

साखरेचं बघा. गंभीर आजारात रक्तातली साखर चढते. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या एका आयसीयूने इन्सुलिन देऊन ती ८० ते ११० मध्ये बांधून ठेवली, तर मृत्यू कमी झाले. जग खूश. आम्हीही तासातासाला बोटं टोचून साखरेच्या मागे धावायला लागलो. मग २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ नावाचा मोठा अभ्यास आला, सहा हजारांवर पेशंट. ९० दिवसांत दगावलेले: साखर घट्ट बांधलेल्यांत २७.५ टक्के, १८० पर्यंत चालू दिलेल्यांत २४.९ टक्के. म्हणजे आमच्या तत्परतेने माणसं जास्त जात होती. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंगही कितीतरी अधिक, ६.८ टक्के विरुद्ध ०.५.

व्हेंटिलेटरचा किस्सा त्याहून बोलका आहे. फुफ्फुसं सुजलेल्या पेशंटला मोठा श्वास द्यायचो, किलोमागे १२ मिली किंवा जवळपास. रक्ताचे रिपोर्ट सुरेख यायचे, राउंडला सर खूश. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ पेशंटांच्या अभ्यासात अर्ध्यांना तेवढाच, अर्ध्यांना निम्मा श्वास दिला. पहिल्या दिवसांत ऑक्सिजनचे आकडे मोठ्या श्वासवाल्यांचे चांगले होते. आणि मेले कोण जास्त? तेच. ३९.८ टक्के, छोट्या श्वासवाले ३१. मोठा श्वास फुफ्फुसं ताणून फाडत होता. मॉनिटर हसतोय आणि पेशंट हातातून जातोय, हे नुसत्या अनुभवाने कुणाला कळलं असतं?

मिरजेची_सिस्टर | मंगळवार, ३:३०

डॉक, त्या छोट्या श्वासापायी आम्हाला काय काय ऐकावं लागतं ते लिहा की! तो किलोमागचा हिशेब पेशंटच्या खऱ्या वजनावर नसतो, उंचीवरून काढतात. माणूस जाडा झाला तरी फुफ्फुसं तेवढीच राहतात. म्हणून आम्ही झोपलेल्या पेशंटची टेपनं डोक्यापासून टाचेपर्यंत मापं घेतो. एकदा एका आजींनी काचेतून ते बघितलं आणि बाहेर हंबरडाच फोडला. त्यांना वाटलं, तिरडीचं माप घ्यायला लागले.

खवचट_काका | मंगळवार, ३:३४

सिस्टर, 🙏 हसू का रडू?

आकडेमोड | मंगळवार, ५:४८

डॉकनी दिलेल्या साखरेच्या आकड्यांकडे परत बघा. २७.५ आणि २४.९. फरक शंभरात अडीच-तीन माणसांचा. कुठलाही डॉक्टर, कितीही निष्णात असो, वॉर्डात फिरून हा फरक डोळ्यांनी पाहू शकत नाही. वर्षाला दोनशे पेशंट बघितले तर पाचेक मृत्यू इकडचे तिकडे. नशीब, वय, मधुमेह, उशिरा येणं या गोंगाटात ते विरून जातात. पण देशभरच्या आयसीयूंचा विचार केला तर तीच संख्या एखाद्या गावाएवढी होते. म्हणून हजारो पेशंट लागतात आणि म्हणून चिठ्ठी लागते. डॉक्टरने निवडलं की तो नकळत ठणठणीतांना एक आणि अत्यवस्थांना दुसरं देतो.

माझं उत्तर: सही करेन.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, ७:१०

आकडेमोड यांचा युक्तिवाद चोख आहे, पण सगळीकडे चिठ्ठी लागते असं नाही. आयसीयू जन्माला आलं तेच मुळी चिठ्ठीशिवाय. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण, आणि ब्लेगडाम रुग्णालयात श्वासयंत्रं मोजकी. सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं की गळ्याला छेद देऊन नळी घाला आणि शस्त्रक्रियेत देतो तशी रबरी पिशवी दाबून हवा द्या. पहिली रुग्ण १२ वर्षांची मुलगी होती. मग मेडिकलचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, हातांनी पिशव्या दाबत बसले. मृत्यू इतके घटले की कुणाला गणित मांडायची गरज पडली नाही.

माझा वैद्यकाशी संबंध एवढाच की निवृत्तीनंतर मी एका नैतिकता समितीवर ‘सामान्य माणूस’ म्हणून बसतो. हो, तशी जागाच असते. त्याबद्दल उद्या लिहितो, आता नातवाचा अभ्यास घ्यायचाय.

खवचट_काका | मंगळवार, ७:१५

नातवाची सही घेतलीत का, मास्तर?

आकडेमोड | मंगळवार, ८:०२

मास्तर, शंभर टक्के मान्य. ३१ तले २७ जात असताना चिठ्ठी टाकणं अमानुष ठरलं असतं. पण तसली फळं झाडावरून केव्हाच उतरवली गेली. आता राहिलेत ते दोन-तीन टक्क्यांचे प्रश्न.

गोंयकार_हांव | मंगळवार, ९:२६

म्हणजे डॉक्टरांक म्हायत नासता? बरें जालें, आतां न्हिदूं? 😄

लेस्टरवासी | मंगळवार, १०:३०

इकडे कोविडात जे पाहिलं ते सांगतो. मार्च २०२० मध्ये ब्रिटनने ‘रिकव्हरी’ अभ्यास सुरू केला, अगदी साध्या फॉर्मवर, सरकारी दवाखान्यांतल्या नेहमीच्या कामातच बसवून. माझी बायको तेव्हा कोविड वॉर्डात होती. जूनमध्ये निकाल आला. डेक्सामेथासोन, तुमच्याकडे काही रुपयांत मिळणारं जुनं स्टेरॉईड, रोज ६ मिलिग्रॅम. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर. ऑक्सिजनवर असलेल्यांना थोडा फायदा. आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा शून्य, उलट नुकसानीकडे कल.

ही शेवटची ओळ नीट वाचा आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे किती लोकांनी ताप आल्या दिवसापासून घरी स्टेरॉईड घेतलं ते आठवा.

प्राजक्ता_द | मंगळवार, १०:४१

आणि रेमडेसिविर. पुण्यात केमिस्टच्या दुकानाबाहेरच्या त्या रांगा मी जन्मात विसरणार नाही.

भूल_द्यावी_घ्यावी | मंगळवार, ११:१२

त्या रांगा लागल्या तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ अभ्यासाचा निकाल येऊन सहा महिने झाले होते: मृत्यूवर परिणाम नगण्य. त्या अभ्यासात भारतही होता. आमच्याकडे नातेवाईक व्हायल घेऊन यायचे, दागिने विकून आणलेली. तुमच्या पेशंटला आता त्याचा उपयोग नाही, हे सांगितलं की वाटायचं डॉक्टर माणुसकी सोडून बोलतोय.

प्लाझ्माचं त्याहून वाईट. आयसीएमआरने २०२० मध्येच ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटांवर ‘प्लॅसिड’ अभ्यास करून दाखवलं की आजार बळावणं किंवा मृत्यू प्लाझ्मा देऊन १९ टक्के, न देता १८. जगातल्या पहिल्या काही निर्णायक अभ्यासांपैकी एक, अस्सल देशी. आणि आपणच तो गुंडाळून ठेवला. मे २०२१ पर्यंत प्लाझ्मा सरकारी सूचनांत राहिला, आणि तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बी पॉझिटिव्ह डोनर अर्जंट’.

सजग, आयसीयूत माणसाचा गिनिपिग करतात असंच तुमचं म्हणणं ना? त्या दोन वर्षांत अख्खा महाराष्ट्र गिनिपिग होता. फक्त नोंद कुणी ठेवली नाही.

सजग_नागरिक | बुधवार, ८:३०

डॉक, टाळ्या मिळतील असं वाक्य आहे, पण माझ्या मुद्द्याला उत्तर नाही. अभ्यास उपयोगी असतात हे मी नाकारतच नाही. माझं म्हणणं, फायदा उद्याच्या पेशंटला आणि धोका आजच्या, हा सौदा ज्याच्या जिवावर होतो तो झोपलेला असतो. आणि नोंद न ठेवता केलेला वेडेपणा वाईट, म्हणून नोंद ठेवून केलेला आपोआप चांगला ठरत नाही.

अजून एक. तुमचे हे बहुतेक अभ्यास बेल्जियम, अमेरिका, ब्रिटन. बोटाला लावतात ते ऑक्सिमीटर घ्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या पेशंटांचे आकडे प्रसिद्ध झाले. मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात प्रत्यक्ष ८८ च्या खाली, हे गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा आणि काळ्यांत ११.७ टक्के वेळा. मशीन आलं १९७० च्या दशकात. एवढी वर्षं हा प्रश्न कोपऱ्यात पडून होता, कारण विचारणाऱ्यांची बोटं गोरी होती. आमची बोटं कुठल्या खात्यात?

आकडेमोड | बुधवार, ९:०५

सजग, हा मुद्दा तर माझ्या बाजूचा झाला! आपल्या बोटांवर अभ्यास नाही म्हणूनच आपल्याला उत्तर माहीत नाही.

(अवांतर: ऑक्सिमीटरमागची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, घराघरात लोक ऑक्सिमीटर शोधत होते नेमके त्या दिवसांत.)

भूल_द्यावी_घ्यावी | बुधवार, १:४०

सजग यांचा ‘आमची बोटं’ हा मुद्दा थेट निशिगंधाताईंच्या काकांपाशी पोचतो. सलाईन किती, या प्रश्नावर २०२२ मध्ये युरोपात आणि २०२३ मध्ये अमेरिकेत प्रत्येकी दीड हजारांवर पेशंटांचे अभ्यास झाले. हात सैल ठेवा नाहीतर आखडता घ्या, मृत्यू सारखेच. म्हणजे जाऊबाई म्हणाल्या ते खरं: दोन्हीपैकी काहीही मिळालं असतं तरी काकांवर अन्याय नव्हता.

मग परत अभ्यास कशाला? कारण जागा बदलली की उत्तर बदलतं. २०११ मध्ये युगांडा, केनिया, टांझानियातल्या तीन हजारांवर आजारी मुलांवरचा ‘फीस्ट’ अभ्यास आला. पाश्चात्त्य पुस्तकांप्रमाणे झटपट सलाईन दिलेल्या मुलांत ४८ तासांत साडेदहा टक्के गेली, न दिलेल्यांत ७.३. झांबियातल्या मोठ्या माणसांतही २०१७ मध्ये तोच प्रकार, ४८ टक्के विरुद्ध ३३. तिथे व्हेंटिलेटर जवळपास नव्हते. आजार मलेरिया, रक्तक्षय, एचआयव्ही, टीबी. आता आपल्याकडे या. एकाच आयसीयूत एका खाटेवर लेप्टो, शेजारी डेंग्यू, पलीकडे गावाकडे तीन डॉक्टर फिरून चौथ्या दिवशी आलेला सेप्सिस. यांना अमेरिकेतल्या बोस्टनचं उत्तर लागू आहे की झांबियातल्या लुसाकाचं? मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव आणणाऱ्यापासून लांब राहा.

मिरजेची_सिस्टर | बुधवार, ४:१५

मला काय वाटतं सांगू? अभ्यास होतात ते एका जगात आणि ते वापरायचे दुसऱ्याच. रोज सकाळी झोपेचं औषध बंद करून पेशंट जागा होतो का बघायचं, हे २००० साली शिकागोत सिद्ध झालं. व्हेंटिलेटरवरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. उत्तम. पण जागा झालेला पेशंट पहिलं काय करतो? नळीला हात घालतो. त्याच्यापाशी एक जण उभं पाहिजे. मी एकटी, पेशंट तीन, त्यातल्या एकाचा अलार्म वाजतोय. मग काय, हात बांधा नाहीतर औषध चालू ठेवा. दोन सिस्टर वाढवल्या तर मृत्यू किती कमी होतील, याची चिठ्ठी आपल्याकडे कोण टाकणार?

खवचट_काका | बुधवार, ४:२०

यावर जोक सुचत नाही. सिस्टर, दंडवत.

प्राजक्ता_द | बुधवार, ६:००

आणि आम्ही बाहेर बसलेले? सतरंजी, डबा, चार्जर आणि दिवसातून एकदा पाच मिनिटं काचेतून दर्शन. आमच्यावर कुणी अभ्यास केलाय का कधी?

लेस्टरवासी | बुधवार, ७:२५

केलाय! ब्राझीलने. ३६ आयसीयू, निकाल २०१९ चा. भेटीची वेळ दिवसाला १२ तासांपर्यंत वाढवली. आशा होती की आपली माणसं जवळ असली तर पेशंटचं बरळणं, भ्रम कमी होईल. तसं झालं नाही, १८.९ विरुद्ध २०.१, फरक नसल्यासारखाच. संसर्गही वाढला नाही, ज्याची सगळे भीती घालतात. आणि नातेवाइकांची चिंता, खिन्नता मात्र कमी झाली.

प्राजक्ता_द | बुधवार, ७:३१

हे प्रिंट काढून आमच्या इथल्या आयसीयूच्या दारावर चिकटवते.

मिरजेची_सिस्टर | बुधवार, ७:४४

चिकटवा, पण १२ तास तुम्ही बसणार, तुमचे सात भाऊबंद येऊन अंगारा लावणार नाहीत असंही खाली लिहा 😀

निवृत्त_मास्तर | बुधवार, ९:१०

काल सांगितल्याप्रमाणे. सजग यांच्या संमतीच्या शंकेवर समितीतही तास तास घालवतो, आणि मला वाटतं ते अर्धे बरोबर आहेत. आयसीयूच्या दारात दिलेली संमती पूर्ण मोकळी नसते. म्हणून तर समिती लागते: सही मागण्याआधीच कुणीतरी शांत डोक्याने प्रस्ताव फाडून बघावा. कायद्याने डॉक्टरांबरोबर वकील, समाजशास्त्राचा माणूस आणि माझ्यासारखा अडाणीही बसवलाय. मराठी फॉर्म मी मोठ्याने वाचतो. माझ्या बायकोला कळला नाही तर परत पाठवायला लावतो. एका फॉर्मात ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द होता. म्हटलं, हा आधी तुम्ही तीनदा म्हणून दाखवा.

निशिगंधाताई, पुन्हा कुणी फाईल घेऊन आलं तर एक गोष्ट नक्की विचारा: आम्ही नाही म्हटलं तर माझ्या पेशंटला काय मिळणार? उत्तर ‘या दोनपैकीच एक, डॉक्टरांच्या मताने’ असं आलं तर तो एक प्रकारचा अभ्यास. नवीन, कुणी न वापरलेलं औषध असेल तर तो वेगळाच खेळ, तिथे घाई करू नका. चाचणीची सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी आहे का बघा. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि मोबाईलवर कुणालाही शोधता येते. समितीचा फोन नंबर फॉर्मवर असतो. तो उचलला जातो का, हे लावून बघायला हरकत नाही. आणि सही केली तरी दुसऱ्या दिवशी, कारण न देता, बाहेर पडता येतं. पेशंट शुद्धीवर आल्यावर त्यालाही विचारायला हवं. हे शेवटचं डॉक्टर मंडळी विसरतात.

भूल_द्यावी_घ्यावी | बुधवार, ९:४५

विसरतो. पेशंट उठून बसला की त्याला जनरल वॉर्डात हलवायचीच घाई असते.

सजग_नागरिक | बुधवार, १०:२०

मास्तर, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक समितीवर असेल तर मी माझं ‘नाही’ सौम्य करेन. पण बऱ्याच ठिकाणी हा ‘सामान्य माणूस’ हॉस्पिटलच्या ट्रस्टींचा मेहुणा असतो, त्याचं काय?

निवृत्त_मास्तर | बुधवार, १०:३३

त्याचं उत्तर नाही माझ्याकडे.

निशिगंधा | गुरुवार, ११:००

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. धागा घरच्या ग्रुपवर टाकला. जाऊबाईंनी अंगठा दिला. दिरांनी सजग यांच्या प्रतिसादाचा तेवढा स्क्रीनशॉट काढून परत ग्रुपवरच टाकला. काकांना मात्र आज प्रथमच कळलं की त्यांच्या नावाने असं काही विचारलं होतं. चिडले. सही केली नाही म्हणून नव्हे, इतके दिवस सांगितलं नाही म्हणून. म्हणे, "मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, आणि सलाईन कमीवाल्यांत घाला असंही सांगितलं असतं." चिठ्ठी म्हणजे काय ते त्यांना अजून समजावतोय.

एक राहिलं. सही केली तर बिलाचं काय? मेडिक्लेम अडतो का?

निवृत्त_मास्तर | गुरुवार, १२:१५

अभ्यासापायी जे जास्तीचं होईल, म्हणजे जादा तपासण्या किंवा अभ्यासाचं औषध, त्याचा खर्च अभ्यास करणाऱ्याने उचलावा अशी अपेक्षा. खाट, व्हेंटिलेटर, नेहमीची औषधं तुमचीच. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत आहे. मेडिक्लेमवाल्यांना मात्र आधी लेखी विचारा. काही पॉलिसींत प्रायोगिक उपचार वगळलेले असतात आणि त्यांचा कारकून कशाला प्रायोगिक म्हणेल याचा नेम नाही.

खवचट_काका | गुरुवार, १२:२१

म्हणजे तिथेही चिठ्ठीच.

सजग_नागरिक | गुरुवार, १२:४०

आणि ‘खर्च आम्ही उचलू’ हे तोंडी ऐकून घेऊ नका. फॉर्मवर कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवायला सांगा, मोबाईलवर फोटो काढा, मग पेन उघडा.